अ‍ॅल्युमिनियमचे नट: आकडा, पाना आणि पाय

चाक बदललं की शेवटी प्रश्न एकच उरतो: नट किती आवळायचे? रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचं उत्तर ठरलेलं आहे. पान्यावर पाय देऊन उभं राहायचं, नट कुरकुरला की झालं. टायरच्या मोठ्या दुकानात हवेची गन घर्रकन फिरते आणि प्रश्न विचारायला सवडच मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात मात्र शांतपणे टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, एक आकडा छापलेला असतो. टोयोटाच्या बऱ्याच मोटारींना 103 न्यूटन-मीटर, होंडा सिटीला 108, फोक्सवॅगन पोलोला 120. साध्या पोलादी नटाच्या बाबतीत या तीन पद्धतींमधला फरक बरेचदा खपून जातो, कारण पोलाद सोशिक असतं. नट अ‍ॅल्युमिनियमचा असला की खपत नाही. म्हणून चाक आवळण्याच्या सगळ्या प्रश्नाकडे अ‍ॅल्युमिनियमच्या नटाच्या बाजूने पाहणं फायद्याचं ठरतं. एरवी झाकून राहणाऱ्या चुका तिथे उघड्या पडतात.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. नट किंवा तो ज्यावर चढतो तो हबवरचा स्टड, दोघंही गाडीचं वजन खांद्यावर घेत नाहीत, निदान त्यांनी घ्यायचं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. चाक आणि हब यांच्या सपाट पृष्ठभागांमधलं घर्षणच सगळा भार, ब्रेकचा जोर आणि वळणावरचा रेटा वाहून नेतं. 14 मिलीमीटरचा स्टड 130 न्यूटन-मीटरने आवळला तर ढोबळ हिशेबाने त्यात सुमारे 46 किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे पावणेपाच टनांच्या आसपास. पाच स्टड धरले तर एका चाकामागे तेवीस टनांहून अधिक दाब. घर्षणाचा गुणांक 0.15 धरला तरी चाक हबवरून सरकवायला साडेतीन टनांचा जोर लागेल. अख्खी मोटार दीड टनाची असताना हा साठा भरपूर आहे. तो खरोखर जमा झालेला असेल तर.

हा साठा स्टडच्या किती लांबण्यावर उभा आहे, हे पाहण्यासारखं आहे. स्टडचा ताणला जाणारा भाग तीस मिलीमीटर धरला तर वरच्या ताणाने तो जेमतेम 0.05 मिलीमीटर वाढतो. डोक्याच्या केसाची जाडी साधारण एवढीच. हबवर गंजाचा पापुद्रा असेल, नव्या चाकाच्या बैठकीवर रंगाचा थर असेल, नटाखाली वाळूचा कण असेल, तर शेपन्नास किलोमीटर धावल्यावर तो थर चेपतो आणि केसाएवढ्या त्या लांबीतला मोठा वाटा संपतो. नट जागचा हललेला नसतो, तरी आवळलेपण गेलेलं असतं. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा असं जे सांगतात, त्याचं कारण हे. नट आपोआप फिरतो म्हणून नव्हे, बैठक बसते म्हणून.

आपोआप फिरण्याची गोष्ट वेगळी, आणि तिचा उलगडाही बऱ्यापैकी अलीकडचा. नट उभ्या धक्क्यांनी सुटतात अशी समजूत फार काळ होती. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिलं की खरा शत्रू आडवं सरकणं हा आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की आट्यांमधलं घर्षण जणू गायब होतं आणि नट स्वतःहून उलटा फिरतो. चाकाला लावून पाहिलं तर अर्थ सरळ निघतो: पुरेसा दाब असेल तर चाक सरकत नाही, चाक सरकत नसेल तर नट सुटत नाही. जुन्या क्रायस्लर आणि डॉज मोटारींच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, तोही याच भीतीवरचा उतारा होता. पुढे तो गेला, कारण नीट आवळलेल्या शंकूच्या बैठकीला त्याची गरज उरली नाही आणि उलट दिशेने जोर लावून स्टड तोडणाऱ्यांची संख्या मात्र कमी नव्हती.

आता अ‍ॅल्युमिनियम. रोजच्या वापराच्या मोटारीवर कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचे नट येण्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे पोर्श 911. मायनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने घडवलेली अ‍ॅल्युमिनियमची पाच पाकळ्यांची चाकं 1966 मध्ये 911 एस या मॉडेलवर आली. या मिश्रधातूच्या चाकांना साजेसे अ‍ॅल्युमिनियमचे नट पोर्शने दिले, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची 911 नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संपेपर्यंत ही प्रथा टिकली. स्टड पोलादी, 14 मिलीमीटरचा, आटे दीड मिलीमीटरचे; नटाची बैठक गोलाकार; आकडा 130 न्यूटन-मीटर. त्यानंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या पिढीत पोर्शने स्टड-नट सोडून बोल्ट घेतले. म्हणजे तीस वर्षं लाखो किलोमीटर धावलेला हा प्रयोग आहे. अ‍ॅल्युमिनियमचा नट मुळातच धोकादायक, असं म्हणणाऱ्यांना तो गप्प करतो.

नट हलका असतो, हे कारण सगळे सांगतात. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि चाकाबरोबर फिरणारं प्रत्येक ग्रॅम कमी झालं तर बरंच. पण एका नटामागे वाचणारं वजन तोळ्या-दोन तोळ्यांत मोजायचं, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत याचा फरक चालकाला कळेल हा दावा मी तरी हसण्यावारी नेतो. दुसरा गुण कमी लोक सांगतात. पोलादी नटात पहिलाच आटा एकूण भाराचा सुमारे तिसरा हिस्सा उचलतो, बाकीचे आटे मागच्या बाकावर बसून असतात. अ‍ॅल्युमिनियमची लवचीकता पोलादाच्या तिप्पट, त्यामुळे नटाचे आटे किंचित वाकतात आणि भार जास्त आट्यांवर पसरतो. अट एवढीच की आटे पुरेसे हवेत. पोलादी नटाला स्टडच्या व्यासाएवढी पकड पुरते, अ‍ॅल्युमिनियमला दीडपट किंवा त्याहून जास्त लागते. पोर्शचा नट उंच आहे तो दिसण्यासाठी नव्हे.

अवगुणांची यादी लांब आहे, पण त्यातला एकच मुळाशी जातो: अ‍ॅल्युमिनियम पोलादावर कोरडं घासलं की चिकटतं. दाबाखाली त्याचे सूक्ष्म कण सुटतात, पोलादाच्या आट्यांना धरतात आणि पुढच्या फेरीला वाट अडवतात. नटावर अ‍ॅनोडायझिंगचा कठीण थर असतो तोवर हे लांबतं. गनने दोनचार वेळा नट काढला-घातला की तो थर आट्यांच्या माथ्यावरून निघून जातो. इथेच टॉर्कचा आकडा फसवू लागतो.

कारण टॉर्क म्हणजे ताण नव्हे. पान्यावर लावलेल्या जोराचा अदमासे निम्मा भाग नटाच्या बैठकीखालचं घर्षण खातं, चाळीस टक्के आट्यांमधलं घर्षण खातं आणि स्टड ताणायला उरतात दहा टक्के. घर्षण थोडं बदललं तरी हे उरलेले दहा टक्के निम्मे किंवा दीडपट होऊ शकतात. चांगला टॉर्क पाना चार टक्क्यांच्या आत अचूक असतो. त्याच पान्याने आवळलेल्या स्टडमधला खरा ताण मात्र पंचवीस-तीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो, हे अभियांत्रिकीत फार जुनं ज्ञान आहे. पाना खोटं बोलत नाही, त्याला फक्त विचारलं ते वेगळंच असतं.

म्हणूनच आट्यांना काही लावायचं की कोरडे ठेवायचे, हा या विषयातला सगळ्यांत चिवट वाद आहे. एक पक्ष म्हणतो, पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, तेल-ग्रीस लावलं की तोच आकडा जास्त ताण देतो. हिशेब त्यांच्या बाजूने आहे. कोरड्या पोलादासाठी धरला जाणारा 0.2 हा टॉर्कचा गुणांक ग्रीसने 0.13 वर आला, तर 130 न्यूटन-मीटरला 46 नव्हे, 71 किलोन्यूटन ताण येतो. दुसरा पक्ष म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमवर हा कोरडेपणा मुळात टिकतच नाही. पहिल्यांदा कोरडा असलेला नट पाचव्यांदा चिकट झालेला असतो, मग कोरडा आकडा कशाच्या भरवशावर? दोघंही बरोबर आहेत, पण उत्तर दोघांकडेही नाही. उत्तर आकडा लिहिणाऱ्याकडे आहे. त्याने तो कोणत्या अवस्थेत मोजला?

पोर्शचंच पुढचं वळण इथे बोलकं आहे. नंतरच्या बोल्टांसाठी कंपनीने ऑप्टिमोली टीए ही अ‍ॅल्युमिनियमची पेस्ट पातळसर लावायला सांगितली: आट्यांना, दांड्याला, आणि बोल्टचं डोकं व त्याखालची सुटी गोल कडी यांच्या मध्ये. पण त्या कडीचा जो भाग चाकाला टेकतो, तो कोरडा ठेवायचा असं बजावलं. म्हणजे घर्षण कुठे हवं आणि कुठे नको, हे जागा पाहून ठरवलेलं आहे, आणि आकडा त्या ठरवलेल्या अवस्थेचा आहे. निर्मात्याने पेस्ट सांगितली असेल तर तीच आणि तिथेच लावावी. त्याने काही सांगितलं नसेल तर आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडे ठेवावेत. आणि नट बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरत नसेल, तर तो फेकून द्यावा. ग्रीस लावून म्हातारा नट तरुण करण्याचा उद्योग मला पटत नाही. मोटारीतल्या स्वस्त भागांपैकी हा एक आहे.

बैठकीचा मुद्दा थोडक्यात आटपतो, कारण त्यात वाद नाही, फक्त बेफिकिरी आहे. बहुतेक मोटारींच्या नटांची बैठक 60 अंशांच्या शंकूची असते, होंडाची आणि जुन्या पोर्शची गोलाकार, टोयोटाच्या काही चाकांची सपाट, वायसरसह. गोल खड्ड्यात शंकूचा नट घातला की तो कडेच्या एका रेघेवर टेकतो. टॉर्क पाना आकडा दाखवून टक्क म्हणतो आणि खाली जवळजवळ काहीच पकडलेलं नसतं. बाजारातून रंगीत नट आणणाऱ्यांपैकी किती जण बैठक जुळवून पाहतात, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

उष्णतेबद्दल मात्र थांबायला हवं. तापमान एक अंशाने वाढलं की अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. घाट उतरून आलेल्या गाडीचं हब आणि चाक 80 अंशांनी तापलं असेल, तर तीस मिलीमीटरच्या जाडीत या दोन धातूंच्या फुगण्यात 0.025 मिलीमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. आकडा पुन्हा केसाच्या घरातला, पण वर पाहिल्याप्रमाणे स्टडचं एकूण लांबणंच 0.05 आहे. गरम चाक पुस्तकाच्या आकड्याला आवळलं तर थंड झाल्यावर त्यातला बराच ताण ओसरतो. उलट थंड असताना आवळलेलं चाक तापलं की दाब वाढतो, आणि तो पेलण्याची जबाबदारी नटाच्या मऊ आट्यांवर येते. शर्यतीच्या मैदानावर आणखी एक अडचण: या कामाच्या 7075 जातीच्या मिश्रधातूला ताकद मिळते ती सुमारे 120 अंशांच्या भट्टीत, त्यामुळे त्याहून बरंच जास्त तापमान तो वारंवार सोसू शकत नाही, मऊ पडत जातो. सराव करणारे शहाणे लोक मैदानावर येण्याआधी थंड चाकावर टॉर्क लावतात, फेऱ्या मारून परत आल्यावर चाक हाताला सोसेल इतकं निवू देतात आणि मगच तपासतात. घाटाखालच्या ढाब्यावर चाक बदलणाऱ्यालाही हाच नियम लागू: तात्पुरतं आवळा, चहा घ्या, पुन्हा आवळा.

आता हत्यारं. पंचवीस सेंटीमीटरच्या एल पान्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की सुमारे 170 न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप जोडून लांबी चाळीस सेंटीमीटर केली तर 275. पोलादी नट हे सोसतो, स्टड कधी सोसतो कधी नाही, अ‍ॅल्युमिनियमचे आटे बहुधा नाही. अर्ध्या इंचाची चांगली हवेची गन तर सहज पाचशेच्या पुढे जाते, आणि ठोके देत फिरत असल्याने आट्यांना सांभाळायची उसंतही देत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नटावर गन चालवूच नये, याबद्दल निर्माते, अभियंते आणि हौशी यांच्यात कुठेही मतभेद नाही. या सबंध विषयात एकमत झालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक असावी.

नट बोटांनी सुरू करायचा, दोन-तीन आटे मोकळेपणाने गेल्यावरच पाना लावायचा. पान्याची गोटी (सॉकेट) सहा कोनांची हवी, बारा कोनांची कोपरे खाते. आत प्लास्टिकचं अस्तर असलेली मिळाली तर रंगही वाचतो. चाक जॅकवर असताना एकाआड एक, चांदणीच्या आकाराने, निम्म्या आकड्यापर्यंत. मग चाक जमिनीला टेकवून त्याच क्रमाने पूर्ण आकड्यापर्यंत, एका सलग ओढीत. पान्याने टक्क म्हटलं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोन टक्क करणारे लोक नकळत जास्त आवळतात. आणि टॉर्क पान्यावर कोणतं एकक आहे ते आधी पाहावं. 100 न्यूटन-मीटरच्या जागी 100 फूट-पाउंड लावले तर 136 न्यूटन-मीटर होतात, छत्तीस टक्के जास्त. नट कमी-जास्त आवळलेले असले तर ब्रेकची डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागतं. मग डिस्क वाकली म्हणून नवी बसवली जाते, आणि नवीही त्याच गनने.

स्टड तुटला की जास्त आवळला म्हणूनच तुटला, असा निष्कर्ष गॅरेजात लगेच निघतो. तो बरेचदा उलटा असतो. ढिल्या नटामुळे चाक सरकतं, स्टड प्रत्येक फेरीला वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. तुटलेल्या तोंडावर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेघा दिसल्या तर तो थकव्यानेच तुटलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नटाचे समर्थक यावर एक युक्तिवाद करतात: अति झालं तर नटाचे आटे जातात, महागाचा स्टड वाचतो. युक्तिवाद चलाख आहे, पण तुटलेला स्टड दिसतो आणि आटे गेलेला नट जागच्या जागी बसून शहाजोगपणे चमकत राहतो.

व्यावसायिकांच्या हातूनही अशा चुका होतात. मे 2021 मध्ये मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत चालक वॉल्टेरी बॉटस दुसऱ्या क्रमांकावर असताना पिटमध्ये आला. उजव्या पुढच्या चाकाच्या एकुलत्या एका नटावर गन किंचित तिरकी बसली आणि नटाचे कंगोरे तासून गुळगुळीत झाले. चाक निघेना, शर्यत तिथेच संपली. ते चाक अखेर संघाच्या ब्रॅक्लीतल्या कारखान्यात नेल्यावर निघालं. मऊ धातू आणि जोरदार गन यांची गाठ पडली की काय होतं, याचं याहून महागडं प्रात्यक्षिक नाही. अमेरिकेच्या नॅस्कार शर्यतींमध्ये पूर्वी चाकाला पाच पोलादी नट असत, पण सगळे लावलेच पाहिजेत हे पाहण्यात ढिलाई आली होती आणि वेळ वाचवायला संघ एखादा नट सोडून देत. चालक टोनी स्टुअर्टने 2016 च्या एप्रिलमध्ये यावर जाहीर टीका केली. त्याला 35,000 डॉलर दंड झाला, आणि थोड्याच दिवसांत पाचही नट सक्तीचे झाले. दंड ओढवून घेऊन नियम बदलवण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. 2022 पासून तिथे अ‍ॅल्युमिनियमचं चाक आणि मधोमध एकच नट आला. चाकं सुटायची थांबली नाहीत, तेव्हा संघप्रमुखांना चार-चार शर्यतींची बंदी बसली.

आपल्याकडे पोर्शच्या जुन्या 911 मोजक्याच. पण ऑनलाइन दुकानांत लाल, निळे, जांभळे अ‍ॅल्युमिनियमचे नट मिळतात आणि ते कुठल्याही छोट्या गाडीवर चढतात. त्यांच्या मिश्रधातूची जात, आट्यांची लांबी, बैठकीचा कोन, लावायचा टॉर्क यांपैकी काहीही पाकिटावर नसतं. त्यात कोकण, गोवा, मुंबई ही खाऱ्या हवेची किनारपट्टी. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओलावा शिरला की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि पांढरी भुकटी आट्यांत भरून नट स्टडला धरून बसतो. दोन पावसाळ्यांनंतर भर रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर हा नट एल पान्याने निघेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

निर्मात्याने स्वतः तपासून दिलेला, त्याच्या आकड्याला आणि त्याच्या पद्धतीने हाताळलेला अ‍ॅल्युमिनियमचा नट वापरायला हरकत नाही. दरवेळी आटे पाहून, खराब झालेला लगेच बदलून. शोभेसाठी विकत आणलेला, कुठल्याही आकड्याचा आधार नसलेला नट रस्त्यावरच्या गाडीला लावू नये. लावलेला असेल तर बैठक जुळणारे पोलादी नट आणून तो बदलावा. आणि नट कोणताही असो, टायरवाल्याकडे चाक बसवून घेताना गाडीच्या पुस्तकातला आकडा त्याला मोठ्याने सांगा आणि शेवटची ओढ टॉर्क पान्यानेच घ्यायला लावा. त्याच्याकडे तो पाना नसेल, तर स्वतःचा विकत घेऊन डिकीत ठेवा.